कृती तीच, नियत वेगळी

सोलापूरचा एक माणूस कामासाठी मुंबईत उतरला आहे. दुपारची, म्हणजे जुहरची नमाज तो एकटाच पढणार आहे. फर्ज, म्हणजे सक्तीच्या रकाती (नमाजाची आवर्तनं) चार पढायच्या की दोन, हे मुंबईत किती दिवस राहायचं त्याने ठरवलं आहे यावर अवलंबून. भारतातल्या बहुसंख्य मुसलमानांप्रमाणे तो हनफी मजहबचा, म्हणजे हनफी विधिपरंपरेचा असेल आणि १५ दिवस किंवा त्याहून जास्त मुक्कामाचा बेत असेल, तर तो मुंबईत ‘मुकीम’ ठरतो; पुऱ्या चार रकाती पढतो. १४ दिवसांचाच बेत असेल तर तो मुसाफिर आणि त्याला दोनच. शेजारी चिपळूणचा माणूस उभा असेल तर तो बहुधा शाफई असणार, कारण कोकणी मुसलमान शाफई मजहब पाळतात. त्याचा हिशेब निराळा. येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचं ठरलं असेल, तर त्याची सवलत संपली.

काम लांबलं, ‘उद्या निघतो, परवा निघतो’ करता करता महिना उलटला, तरी सोलापूरकर मुसाफिरच राहतो. कारण १५ दिवस राहायचं त्याने कधी ठरवलंच नव्हतं. कॅलेंडरवर किती दिवस गेले ते इथे मोजलं जात नाही. मनात काय होतं ते मोजलं जातं.

नियत म्हटलं की आपल्यासमोर येतो तो चांगुलपणा. ‘त्याची नियत साफ आहे’ किंवा ‘त्याच्या नियतीत खोट आहे’ असं आपण मराठीतही सहज म्हणतो. मुसलमानांच्या रोजच्या जगण्यात मात्र नियत ही आधी एक कामाची, जवळजवळ तांत्रिक गोष्ट आहे आणि मग मनाच्या शुद्धतेची. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी तिला दोन कामं नेमून दिली. सवय आणि इबादत, म्हणजे उपासना, यांच्यात रेघ ओढणं हे पहिलं. एका इबादतीला दुसरीपासून वेगळं करणं हे दुसरं. उकडतंय म्हणून केलेली अंघोळ आणि गुस्ल, म्हणजे धार्मिक शुद्धीचं स्नान, यांत पाणी तेच. रक्ततपासणीसाठी सकाळपासून उपाशी राहिलेला माणूस आणि रोजेदार यांचं पोट सारखंच रिकामं. जुहरच्या आधी हनफी माणूस चार रकाती सुन्नत पढतो आणि मग चार रकाती फर्ज. बघणाऱ्याला दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. हा फरक बाहेरून दिसत नाही, तो करणाऱ्यालाच ठाऊक असतो.

या सगळ्याचा पाया म्हणजे एक छोटी हदीस, पैगंबरांचं एक वचन. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी ती मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून सांगितली. तिचा आशय असा, की कर्मांचं मोल नियतीवर आहे आणि ज्याने जे योजलं तेच त्याच्या पदरात पडेल. पुढे पैगंबरांनी उदाहरण दिलं ते हिजरतचं. इसवी सन ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले आणि त्यांच्या आगेमागे अनुयायांनीही घरदार सोडलं. त्या काळात याहून मोठा त्याग दुसरा नव्हता. पण तोच रस्ता, तेच ऊन, तीच सांडणी; कुणी अल्लाह आणि रसूलसाठी निघालं असेल, कुणी व्यापारासाठी, कुणी एखाद्या बाईशी निकाह लावण्यासाठी. ज्याने ज्यासाठी घर सोडलं, त्याची हिजरत त्याचसाठी.

निकाहच्या या उल्लेखामागे उम्मे कैस नावाच्या स्त्रीची गोष्ट सांगतात. तिच्याशी लग्न करायला एक माणूस मदिनेला गेला आणि लोक त्याला ‘उम्मे कैसचा मुहाजिर’ म्हणू लागले. वाजांमधून, प्रवचनांतून ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण १५व्या शतकातले थोर भाष्यकार इब्न हजर अस्कलानी यांनी बजावून ठेवलं आहे, की ही हदीस त्या प्रसंगावरून सांगितली गेली याला पुरावा नाही. मला हा खुलासा आवडतो. नियतीचा धडा देता देता एका अनाम माणसाच्या नियतीवर शिक्कामोर्तब करण्याचा मोह त्यातून टळतो.

इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी आपल्या ‘सहीह’ या हदीससंग्रहात पहिली हदीस म्हणून हीच घातली. पहिलं प्रकरण आहे वह्य म्हणजे ईश्वरी संदेश उतरण्याची सुरुवात कशी झाली याचं. त्यात नियतीची हदीस विषयाला धरून आहे असं वरवर पाहता वाटत नाही. भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला, की ही संग्रहाची प्रस्तावनाच आहे. वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्यानेही आधी स्वतःला विचारावं, हे कशासाठी? पुढे १३व्या शतकात सीरियातल्या नवा गावचे इमाम नववी यांनी निवडक हदीसांचं छोटं पुस्तक केलं. ते ‘चाळीस हदीस’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, प्रत्यक्षात त्यात ४२ आहेत. त्यातही पहिली हीच. अभ्यासकांना या हदीसीत आणखी एक नवल वाटतं. उमर यांच्यानंतरच्या पिढ्यांत ती एकेकाच माणसाच्या तोंडून पुढे आली. उमर यांच्याकडून अल्कमा, त्यांच्याकडून मुहंमद बिन इब्राहीम, त्यांच्याकडून यह्या बिन सईद. तिथून पुढे मात्र ऐकणाऱ्यांची रीघ लागली. इमाम शाफई हिला एक तृतीयांश ज्ञान म्हणत, असं परंपरा सांगते.

आता मजहबांमधले फरक पाहू. महाराष्ट्रातल्या मुसलमानांना ते घरबसल्या दिसतात, कारण देशावर, मराठवाड्यात, विदर्भात हनफी आणि कोकणात शाफई अशी ढोबळ वाटणी आहे. वजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं. शाफई म्हणतात, नियत नसेल तर वजू झालाच नाही. हनफी म्हणतात, नियत केली तर सवाब म्हणजे पुण्य, नाही केली तरी वजू होतो, कारण पाण्याचा गुणच स्वच्छ करण्याचा आहे. म्हणून हनफी माणूस मुसळधार पावसात सापडला आणि तोंड, हात, डोकं, पाय या सगळ्यांवरून पाणी वाहिलं, तर नियत नसतानाही त्याचा वजू झाला. गंमत अशी, की पाऊस पडतो कोकणात आणि त्याची सवलत मिळते ती देशावर. पाणी नसेल तर मातीवर हात मारून तयम्मुम करतात, तिथे मात्र हनफींनाही नियत लागते. माती स्वतः धुऊन काढत नाही. तिला शुद्धीचं साधन बनवते ती नियतच.

रोजाचंही तसंच. शाफईंच्या मते रमजानच्या रोजाची नियत रोज रात्री, पहाटेच्या आत व्हायला हवी. हनफींच्या मते पहाटेपासून काही खाल्लंप्यालं नसेल, तर दिवसाचा मध्य होण्याआधीपर्यंत ती करता येते. मोरोक्कोसारख्या मालिकी देशांत महिन्याच्या सुरुवातीला एकदाच केलेली नियत सगळ्या महिन्याला पुरते.

हे वाचून कुणाला वाटेल, की ही तर विधींची काटेकोर कचेरी झाली. पण नियतीची जागा दिलात आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तोंडाने काही म्हणायलाच हवं असं नाही. आपल्याकडे नमाज शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकांत ‘नियत करता हूं मैं...’ अशी वाक्यं छापलेली असतात आणि मदरशात मुलं ती घोकतात. नंतरच्या हनफी आणि शाफई उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ही पद्धत चालवून घेतली, मन एका ठिकाणी आणायला जिभेची मदत होते म्हणून. विद्वान इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम यांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, पैगंबरांनी असं कधी केलं नाही, आणि आपण काय करतोय हे ज्याला कळतंय त्याची नियत झालेलीच असते. सहरीला जी आई चार वाजता उठते, स्टोव्ह पेटवते, पोरांना हलवून उठवते, तिने रोजाची नियत केली की नाही हा प्रश्नच उरत नाही. हनफी ग्रंथही सहरीसाठी उठण्याला नियत मानतात.

तरी काही लोक अडकतात. ‘अल्लाहु अकबर’ म्हणून हात बांधायचे, मग शंका, नियत नीट बांधली गेली का? हात सोडायचे, पुन्हा बांधायचे, तोवर इमाम रुकूमध्ये, म्हणजे वाकण्याच्या टप्प्यात पोचलेला. याला वसवसा म्हणतात. १२व्या शतकातले बगदादचे उपदेशक इब्न अल-जौजी यांनी अशा लोकांची आपल्या ग्रंथात चांगलीच हजेरी घेतली आहे. त्यांच्या मते हा धार्मिकपणा नसून सैतानाने घातलेली भूल आहे. फिकहने नियत सक्तीची केली खरी, पण ती अवघड होऊ दिली नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

बकरी ईदला मोठ्या जनावरात सात हिस्से घेतात. हनफी मतानुसार या सात जणांपैकी एकाचीही नियत नुसत्या मटणाची असेल, तर सातही जणांची कुर्बानी फुकट. शाफई इतके कडक नाहीत; ज्याची नियत जशी, त्याचा हिस्सा तसा. हनफी मोहल्ल्यांत हिस्सेदार निवडताना जी चौकशी होते, तिच्यामागे हा नियम आहे. कुरआनच्या २२व्या सुरेत तर स्पष्टच सांगितलं आहे, की जनावराचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तकवा, म्हणजे मनातलं अल्लाहचं भान.

नियतीचं सर्वांत लोभस रूप मला जकातीत दिसतं. वर्षभर शिलकीत राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात द्यायची असते आणि रक्कम देताना किंवा बाजूला काढताना ती जकात आहे अशी नियत हवी. पण घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असं सांगायला हवं का? बहुतेक उलेमा म्हणतात, नको. विधवा बहीण अडचणीत आहे, पण मानी आहे. भाऊ ईदच्या दिवशी तिच्या हातात पाकीट ठेवतो आणि म्हणतो, ‘ईदी घे आपा, पोरांना कपडे कर.’ बहिणीने घेतली ईदी, भावाने दिली जकात. दोघांचं काम झालं आणि तिची मान खाली गेली नाही. नियत मनात ठेवायची असते म्हणूनच हे जमतं. उलट, कुणाकडे उधारी थकली आहे आणि ती वसूल होत नाही, तर ‘जा, ती जकातीत धर’ म्हणून चालत नाही; चारही मजहबांच्या बहुमताने अशी जकात होत नाही. बुडीत पैशाला पुण्याची पावती जोडण्याची वाट बंद केलेली आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाची एक नियत भारतातल्या मध्यमवर्गीय मुसलमानांना चांगली ठाऊक असते. बँकेच्या बचत खात्यावर व्याज जमा होतं. व्याज हराम. मग त्या पैशाचं काय करायचं? मुफ्ती सांगतात, ते बँकेत सोडू नका, काढा आणि गरजूंना द्या, पण सवाबची नियत न ठेवता. दान करायचं आणि दानाचं पुण्य मात्र मागायचं नाही. घेणाऱ्या गरिबाला त्या नोटा नेहमीच्याच नोटांसारख्या. देणाऱ्याने मात्र त्या वहीच्या वेगळ्या पानावर लिहायच्या.

इथपर्यंत नियत इबादतींच्या हद्दीत होती. पण हदीसांनी ती स्वयंपाकघरात, दुकानात, अंथरुणापर्यंत नेली. पैगंबरांचे सोबती साद बिन अबी वक्कास आजारी असताना पैगंबरांनी त्यांना सांगितलं, की अल्लाहच्या खुशीसाठी केलेल्या खर्चावर सवाब आहे, बायकोच्या तोंडात घातलेल्या घासावरही. नवरा-बायकोचा शरीरसंबंधसुद्धा सदका म्हणजे दान आहे, असं सांगितल्यावर सोबत्यांना नवल वाटलं. आपली वासना भागवायची आणि वर सवाब? उत्तर मिळालं, तीच गोष्ट हराम मार्गाने केली असती तर गुन्हा झाला नसता का? यमनमध्ये कारभारी म्हणून गेलेले मुआज बिन जबल आणि अबू मूसा यांचा संवाद तर फारच घरगुती आहे. रात्री कुरआन कसा वाचता, असं दोघे एकमेकांना विचारतात. अबू मूसा रात्रभर थोडं थोडं वाचत राहतात. मुआज म्हणतात, मी आधी झोपतो, मग उठून पढतो, आणि उठून पढण्यावर जसा सवाब मिळेल अशी आशा धरतो, तशीच झोपेवरही धरतो. उद्याच्या नमाजासाठी अंगात ताकद यावी म्हणून घेतलेली झोप त्यांच्या हिशेबात नमाजाच्याच खात्यावर पडते.

हा विचार सुंदर आहे आणि सोयीचाही. ‘माझं काम हीच माझी इबादत’ म्हणत दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या आणि नमाज चुकवणाऱ्या दुकानदाराला तो फार आवडतो. पण नियतीने सवयीची इबादत होते, याचा अर्थ फर्ज इबादत माफ होते असा नाही.

करायचं होतं पण जमलं नाही, अशा कामांचंही खातं आहे. चांगलं काम करण्याचा इरादा केला आणि ते घडलं नाही, तरी एक पूर्ण पुण्य लिहिलं जातं. घडलं तर दहापासून सातशेपटीपर्यंत. वाईटाचा इरादा करून अल्लाहच्या भयाने तो सोडला, तर त्याचंही एक पुण्यच. सन ६३० मधल्या तबूकच्या मोहिमेहून परतताना पैगंबर सोबत्यांना म्हणाले, की मदिनेत राहिलेले काही लोक प्रत्येक दरीत, प्रत्येक वाटेवर तुमच्या बरोबर होते. अडचणीने त्यांना घरी थांबवलं होतं. हजसाठी आयुष्यभर पैसे साठवले आणि मुलीच्या दुखण्यात ते संपले, अशा माणसाला मौलवी हीच हदीस सांगतात. ती ऐकून त्याला मिळणारा दिलासा पोकळ नाही.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना गीता आली असेल. हे निष्काम कर्मच नव्हे का? जवळचं आहे, पण तेच नाही. नियतीच्या निर्भेळपणाला इखलास म्हणतात; पण इखलास म्हणजे फळाची आशाच सोडणं नव्हे. मुसलमान जन्नतची आस धरतो, सवाब मोजतो, दुआत मागणं मागतो. त्यात इखलासला बाध येत नाही. बाध येतो तो मोबदला माणसांकडून मागण्याने. कौतुक, मान, मत, ग्राहक. याला रिया म्हणतात, साध्या भाषेत दिखावा, आणि हदीसींत त्याला छोटा शिर्क म्हटलं आहे. एका अल्लाहबरोबर प्रेक्षकांनाही गाभाऱ्यात बसवल्यासारखं. कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा आधी होईल अशा तिघांची एक हदीस अंगावर काटा आणते. एक शहीद, एक विद्वान, एक दानशूर. तिघेही नरकात, कारण शूर म्हणवून घ्यायला एक लढला, आलिम म्हणवून घ्यायला दुसरा शिकला, दाता म्हणवून घ्यायला तिसऱ्याने दिलं, आणि लोकांनी तिघांना ते म्हणूनही झालं होतं.

त्या तिघांतला दुसरा आपणच आहोत की काय, या शंकेने एका माणसाची वाचा गेली. अबू हामिद अल-गझाली. जन्म १०५८, इराणातलं तूस. १०९१ मध्ये, तेहतिशीच्या आसपास, बगदादच्या निजामिया मदरशात ते मुख्य आचार्य झाले. त्या काळच्या सुन्नी जगात याहून मोठी खुर्ची नव्हती. शेकडो विद्यार्थी, दरबारात वजन, खलिफाशी ओळख. आणि चार वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं, की आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे. आपल्याला ढकलते आहे ती नावाची आणि प्रतिष्ठेची हाव. ‘अल-मुनकिज मिन अद-दलाल’ या आत्मकथनात त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. १०९५ च्या उन्हाळ्यापासून सुमारे सहा महिने त्यांची ओढाताण चालली. सकाळी सगळं सोडून जायचं ठरवायचं, संध्याकाळी मन मागे फिरायचं. मग एक दिवस वर्गात बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. अन्न गिळवेना. हकिमांनी हात टेकले. दुखणं दिलात आहे, औषध चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

गझालींनी मुलाबाळांपुरतं ठेवून बाकी संपत्ती वाटली आणि बगदाद सोडलं. लोकांना सांगितलं, मक्केला जातो. मनात बेत होता सीरियाचा. खरं सांगितलं असतं तर खलिफाने आणि मित्रांनी जाऊ दिलं नसतं. नियत शुद्ध करायला निघालेल्या माणसाने बेत लपवला, हा विरोधाभास त्यांनी झाकला नाही, हे विशेष. दमास्कसच्या जामा मशिदीच्या मनोऱ्यात दार लावून ते दिवस दिवस बसत. तिथून जेरुसलेम, मग हज. या एकांताच्या काळातच ‘इह्या उलूम अद-दीन’ हा त्यांचा महाग्रंथ आकाराला आला. त्याच्या ४० पुस्तकांपैकी ३७वं नियत, इखलास आणि सचोटी यांवर आहे.

त्या पुस्तकात गझाली एक गोष्ट सांगतात ती बहुतेक उपदेशक वगळतात. नियत हुकमी येत नाही. पोट भरलेल्या माणसाने ‘मला भूक लागो’ असं कितीही म्हटलं म्हणून भूक लागत नाही. तसंच शिकवायला बसताना ‘मी हे अल्लाहसाठी करतो’ असं पुटपुटलं म्हणजे तशी नियत झाली असं नाही. नियत हा मनाचा ओढा आहे. तो ज्या गोष्टींवर आपली श्रद्धा खरोखर बसली आहे त्यांतून येतो. म्हणून त्यांचा भर पुटपुटण्यावर नसून स्वतःची झडती घेण्यावर आहे. फिकहच्या पळवाटांवरही त्यांनी बोट ठेवलं. वर्ष भरायच्या आत माल बायकोच्या नावावर करायचा, म्हणजे जकात टळते. काझी हरकत घेणार नाही. पण काझीची सत्ता या दुनियेपुरती, असं गझाली सुनावतात.

सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, वजिराच्या आग्रहाने ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. ११११ मध्ये तूसमध्ये वारले. त्यांच्या हयातीतच लोक कुजबुजत, की हे वैराग्यही एक नाटकच. अब्दुल गाफिर अल-फारिसी या समकालीनाने लिहिलं आहे, की आधी त्यालाही तसंच वाटे. पण पुन्हा पुन्हा भेटल्यावर त्याचं मत पालटलं. आजचे काही इतिहासकारही शंका घेतात. १०९२ मध्ये त्यांचा पाठीराखा वजीर निजामुल्मुल्क मारला गेला होता, राजकारण तापलं होतं. मग हे पळून जाणं तर नव्हे? असेलही, नसेलही. नऊशे वर्षांनंतर एका मृत माणसाच्या मनात डोकावण्याची आपल्याला इतकी खात्री का वाटते, हे मला कळत नाही.

दिखाव्याच्या धाकाने काही लोकांनी चांगली कामं लपवायला सुरुवात केली. पैगंबरांचे पणतू इमाम जैनुल आबिदीन यांच्याबद्दल सांगतात, की मदिनेतल्या गरिबांच्या दारात रात्री पिठाची पोती येत आणि ती कोण ठेवतं हे कुणाला माहीत नसे. ते वारले तेव्हा पोती येणं थांबलं आणि मय्यतला अंघोळ घालताना पाठीवर ओझ्याचे वळ दिसले. निशापूरच्या मलामती सूफींनी तर चांगुलपणा दिसू नये म्हणून लोकांची निंदा अंगावर ओढून घेतली. पण फुजैल बिन इयाज या संताने यातला चकवा ओळखला होता: लोक बघतील म्हणून चांगलं काम सोडून देणं, हाही दिखावाच.

कुरआनच्या दुसऱ्या सुरेत उघड दान चांगलं म्हटलं आहे आणि गुपचूप दिलेलं अधिक चांगलं. उघड दानालाही जागा आहे. मुजर टोळीचे फाटके, उपाशी लोक मदिनेत आले, तेव्हा एका अन्सारीने, म्हणजे मदिनेतल्या स्थानिक मुसलमानाने, सगळ्यांसमोर हाताला पेलवेना इतकी जड थैली आणून ठेवली. ती पाहून इतरांनीही ढीग लावला आणि पैगंबरांचा चेहरा उजळला. आज रमजानमध्ये राशन किटचे फोटो फिरतात तेव्हा लोक लगेच ‘रिया’ म्हणून शेरा मारतात. माझं मत वेगळं आहे. मशीद कमिटीने जमाखर्च जाहीर करावा, किटच्या राशीचा फोटोही टाकावा. देणगीदारांना हिशेब मिळतो, इतरांना हुरूप येतो. किट घेणाऱ्या बाईचा चेहरा मात्र फोटोत नको. दान देऊन मग उपकार जतवणं आणि दुखावणं यांनी ते दान वाया जातं, हेही त्याच सुरेत आहे. इथे देणाऱ्याची नियत तपासायची गरजच नाही. घेणाऱ्याला काय वाटलं एवढं पुरे.

नियत चांगली म्हणून हराम हलाल होत नाही. लाचेच्या पैशातून बोअरवेल खोदून दिली तर सवाब पदरात पडत नाही, आणि ‘मन साफ आहे ना’ एवढ्यावर नमाज माफ होत नाही. नियत योग्य कृतीला जीव देते. चुकीच्या कृतीला वकील देत नाही.

राहिला दुसऱ्यांच्या नियतीचा प्रश्न. ज्या उमर यांनी नियतीची हदीस सांगितली, त्यांनीच खलिफा झाल्यावर जाहीर केलं, की वह्य येणं आता थांबलं आहे. आम्ही माणसाला त्याच्या दिसणाऱ्या कृतीवरून ओळखू, आतल्याचा हिशेब अल्लाह घेईल.  याआधीचा एक प्रसंग त्यांनाही माहीत असणार. पैगंबरांचे लाडके उसामा बिन जैद तरुणपणी एका चढाईत होते. शत्रूचा एक माणूस तलवारीच्या टप्प्यात आला आणि त्याने इस्लामची कबुली देणारा कलमा उच्चारला. बरोबरचा अन्सारी थांबला. उसामांनी वार केला. मदिनेत आल्यावर पैगंबरांनी विचारलं, कलमा म्हटल्यावरही मारलंस? उसामा म्हणाले, तो जीव वाचवायला म्हणाला होता. पैगंबरांनी विचारलं, त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का? हा सवाल ते पुन्हा पुन्हा करत राहिले. उसामांना वाटलं, आजच इस्लाम कबूल केला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हे कृत्य खात्यावर आलं नसतं.

पुढे चौथे खलिफा हजरत अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यात युद्ध पेटलं. उसामांनी अलींना निरोप पाठवला, की तुम्ही सिंहाच्या जबड्यात असतात तरी मी तुमच्या सोबत तिथे आलो असतो, पण या कामात नाही. त्या लढायांत ते कुणाच्याच बाजूने उतरले नाहीत.